वारीत फिल्मचे रोल न्यायचेत, डबा थ्रीडी प्रिंट करावा म्हणतोय. सल्ला हवा

अर्धा स्टॉप

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुण्यापासून फलटणपर्यंत चालायचं ठरवलंय. बरोबर दोन कॅमेरे: निकॉनचा एफएम२ आणि मामाकडून आलेला याशिका मॅट. म्हणजे ३५ मिमीचे बारा रोल आणि १२०चे (रुंद फिल्म, मागे कागद असलेले) सहा. गेल्या वर्षी जेजुरीपर्यंत गेलो होतो तेव्हा सगळे रोल एका झिपच्या पिशवीत कोंबले होते. दिवे घाटात काढलेला रोल रिवाइंड केला, पण शेपूट, म्हणजे फिल्मचं पुढचं टोक, बाहेर राहिलं. तोच रोल जेजुरीत नवा समजून पुन्हा भरला. धुऊन आला तेव्हा घाट चढणारी दिंडी आणि तिच्या डोक्यावर गडाच्या पायऱ्या, असे छत्तीसच्या छत्तीस. एक फ्रेम चुकून बरी निघाली, ती मी लोकांना मुद्दाम काढली म्हणून दाखवतो. बाकी पस्तीस रद्दी. शिवाय पिशवीत पाणी शिरलं आणि १२०च्या एका रोलचा मागचा कागद कडेने भिजला, तो रोल तर धुवायलाही दिला नाही.

रंगीत रोल आता हजाराच्या घरात गेलाय, त्यामुळे हे परवडणारं नाही.

मित्राकडे एंडर ३ हा थ्रीडी प्रिंटर आहे. मला फ्युजन या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जेमतेम ठोकळे काढता येतात. विचारायचं ते असं: पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक) चालेल का? रोलच्या खोबणीला किती सैल माप द्यायचं? प्रिंट केलेल्या भिंतीतून उजेड आत जातो का? पाऊस अडेल का? आणि वापरलेला आणि कोरा रोल यांची गफलत होऊ नये म्हणून डब्यातच काही करता येईल का? प्रिंटेबल्स, थिंगिव्हर्स या साइटांवर बरेच नमुने आहेत, पण बहुतेक टेबलावर शोभेला ठेवायचे वाटतात. पाठीवर घेऊन रोज वीस किलोमीटर चालायला बनवलेले वाटत नाहीत.

संत्रानगरी

पीएलएबद्दल एवढंच सांगतो. मी पीएलएचा मोबाइल स्टँड छापून गाडीच्या डॅशबोर्डवर लावला होता. मे महिना, नागपूर, दुपारी दोन तास गाडी उन्हात. परत आलो तेव्हा स्टँडची जिलबी झाली होती. पीएलए ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान मऊ पडायला लागतं आणि बंद गाडीत उन्हात तेवढं तापमान आरामात होतं. पीईटीजी ७५-८०पर्यंत तग धरतं. एबीएस आणि एएसए शंभराच्या पुढे, पण एंडरला पेटी नसेल तर एबीएस कोपऱ्यांतून उचलतं आणि वासाने घरचे तुम्हाला उचलतात. पीईटीजी घ्या, विषय संपला.

हां, एक विसरू नका. डबा वितळला नाही म्हणजे आतली फिल्म सुखरूप आहे असं नाही. डबा ७५ अंश सोसतो, फिल्म सोसत नाही. दिंडीच्या ट्रकमध्ये टपाखाली ठेवणार असाल तर डबा कशाचाही असो, रोल भाजलेच समजा.

तिरकस

मेमरी कार्ड नखाएवढं असतं. बोलू नये, पण बोललो.

अर्धा स्टॉप

@तिरकस, माहितीबद्दल आभारी आहे.

@संत्रानगरी, ट्रकचा मुद्दा पटला. रोल पाठीवरच ठेवीन. पण मग काळा डबा उन्हात माझ्या पाठीवरच तापणार ना? पांढरा छापू का?

दशांश दोन

टूलरूममध्ये वीस वर्षं गेली, त्यामुळे आधी मापाचं बोलतो. रंगाचं नंतर.

नेटवरची मापं उचलू नकोस. व्हर्नियर घे आणि घरात असतील तेवढे वेगवेगळ्या कंपन्यांचे रोल मोज. ३५च्या रोलचं पत्र्याचं नळकांडं साधारण २५ मिमी भरतं. पण फिल्म जिथून बाहेर येते तो ओठ धरून मोजलंस तर गोल भोक तीसच्या जवळ जातं. म्हणून गोल भोक पाडण्यापेक्षा थेंबाच्या आकाराची खोबण कर. जागा वाचते आणि रोल आत फिरत नाही. उंची दांडीसकट ४७-४८. १२०चं सोपं: स्पूलच्या चकत्या २५, लांबी ६५च्या आसपास. पाकिटासकट ठेवायचा असेल तर २८चं भोक दे.

आता सैलपणा. प्रिंटरवर भोक नेहमी कमी येतं आणि दांडी नेहमी जाड येते, हे धरूनच चाल. रोलच्या खोबणीला अख्खा एक मिमी जादा दे, तिथे कंजुषी करून काही मिळत नाही. झाकण आणि डबा यांच्यात मात्र हिशोब लागतो: एका बाजूला ०.२ ते ०.३, म्हणजे व्यासात ०.४ ते ०.६. पण हे माझ्या मशीनचं. तुझ्या मित्राच्या मशीनचं वेगळं निघेल. म्हणून अख्खा डबा छापायच्या आधी फक्त आट्यांची वरची आठ मिमी रिंग आणि तेवढंच झाकण छाप. वीस-पंचवीस मिनिटांत कळतं. लोक सहा तासांचा डबा छापतात आणि मग झाकण बसत नाही म्हणून पॉलिश पेपर घेऊन बसतात.

आटे ठेव ३ मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर), ४५ अंश उताराचे, माथा चपटा. या उताराला आधार लागत नाही. दोन सुरुवातीचे आटे केलेस तर झाकण अर्ध्या फेऱ्यात निघतं. गर्दीत एक हात कॅमेऱ्यावर असताना चार फेरे फिरवत बसायची वेळ येऊ नये.

पहिला थर गरम बेडवर दाबला जाऊन बाहेर पसरतो, त्याला आम्ही हत्तीपाय म्हणतो. झाकण तिथेच अडकतं आणि माणूस उगाच मापाला शिव्या घालतो. खालच्या कडेला अर्धा मिमी तिरका काप दे.

खटक्याचं झाकण करणार असशील तर खटका उभा छापू नकोस. प्रिंट थरांमध्ये तुटतं, जसं लाकूड रेषेवर चिरतं. खटका आडवा छापून मग बसव. आणि आतला भराव १५ टक्के ठेव की २५, फारसा फरक पडत नाही. ताकद हवी असेल तर भिंती वाढव. ०.४च्या नोझलने चार भिंती घेतल्या की दीड मिमीच्या वर जातोस, तेवढं पुरे.

आप्पा स्टुडिओवाले

पोरांनो, वाचून मजा वाटते आहे. आमच्या वेळी रोलबरोबर डबी यायचीच. आधी ॲल्युमिनियमची, आट्यांचं झाकण असलेली. मग प्लॅस्टिकची आली, कोडॅकची काळी डबी आणि वर राखाडी झाकण, फुजीची पारदर्शक. स्टुडिओत पोतंभर साठायच्या. घराघरांत जायच्या त्या. कोणी अंगारा ठेवायचं, कोणी कापूर, आमच्या सौ.चं हळदकुंकू अजून त्याच डबीत आहे. झाकण दाबून लावलं की हवा जात नाही, पाणी जात नाही. तीस रुपयाची नाही तर फुकटची वस्तू, आणि तुम्ही तिच्यासाठी संगणकावर बसलाय!

१२०ला मात्र डबी कधी नव्हती. आमच्याकडे गिऱ्हाइकं अगफा क्लिक थ्री घेऊन यायची, रोलवर बारा फोटो. रोल संपला की चिकटपट्टी जिभेने ओली करून लावायची आणि रुमालात गुंडाळून आणायचे. उटीच्या कारखान्यातली इंदू फिल्म पण अशीच यायची. धुतली की निम्म्या वेळा कडेला धुरकट. लोक म्हणायचे फिल्म खराब. फिल्म नाही, गुंडाळताना सैल राहिली की कडेतून उजेड शिरतो. हे आजही तसंच आहे. डबा कसलाही कर, पण १२०चा रोल काढताना अंगाच्या सावलीत काढ आणि घट्ट धर.

रोलवाली

आप्पा, अगदी! आणि अर्धा स्टॉप, आप्पांच्या डबीला हसू नकोस. का ते सांगते.

मी गेल्या वर्षी पीईटीजीचा पाच रोलचा नळा छापला होता. दिसायला देखणा. पीईटीजीला केस सुटतात, बारीक कोळ्याच्या जाळ्यासारखे, तुला माहीत असेलच. वरचे मी काढले, आतले कोण बघतंय! रोल उघडेच ठेवले होते, डबीशिवाय. हरिश्चंद्रगडावरून आले, रोल धुतला. कोकणकड्याच्या प्रत्येक फ्रेममध्ये आकाशातून एक सरळ रेघ. मला आधी खरंच विजेची तार वाटली. मग लक्षात आलं की कोकणकड्यावर कुठली आलीय तार, आणि तीही सगळ्या फ्रेममध्ये त्याच उंचीवर? रोलच्या ओठाला आतून काळी मखमल असते ना, उजेड अडवायला, तिच्यात एक प्लॅस्टिकचा केस अडकला होता. फिल्म बाहेर येताना अख्खी त्याच्यावरून घासून गेली.

म्हणून: प्रिंट झालं की आतून हेअर ड्रायर नाही, हीट गन फिरव. मग जुन्या दातांच्या ब्रशने घास, नळाखाली धू, पूर्ण वाळव. तरीही रोल उघडा ठेवू नकोस. त्याच्या डबीत घाल आणि डबी खोबणीत बसव. डबीचा बाहेरचा व्यास ३१-३२ असतो, उंची ५१च्या आसपास. डबा थोडा मोठा होईल, पण पाऊस आणि धूळ दोन्हींना दोन दारं होतात.

पावसाळ्यात फिलामेंट (प्रिंटरची प्लॅस्टिकची तार) ओलं होतं म्हणून केस जास्त सुटतात, हेही आहे. ६५ अंशांवर पाच-सहा तास सुकवून मग छाप.

दशांश दोन

@रोलवाली ताई, तार वाटली हे भारी. पण डबीसकट बारा रोल म्हणजे ३×४च्या मांडणीत जवळजवळ १०५ × १४० मिमीचा ठोकळा होतो. पाठीवर वीट. सहा-सहाचे दोन डबे करावेत असं माझं मत, एक कोरा, एक वापरलेला.

रोलवाली

दोन डबे केले तरी गफलत होते हो. संध्याकाळी दमलेला माणूस कुठलाही डबा उघडतो. मी तर फिल्म पूर्ण आत गुंडाळते, शेपूट बाहेर ठेवतच नाही. शेपूट आत म्हणजे वापरलेला. याहून सोपी खूण नाही.

अर्धा स्टॉप

@रोलवाली, ते शिकलो, पस्तीस फ्रेमची फी भरून. पण धुणारा शेपूट बाहेर मागतो, नाहीतर चिमट्याने ओढताना कुरकुर करतो. आणि डबीत गेल्यावर शेपूट दिसत नाही.

एक सुचलंय, सांगा चालेल का. रोलच्या एका टोकाला दांडीचं बोंड बाहेर असतं, दुसरं टोक सपाट. कोरा रोल बोंड वर करून ठेवायचा, वापरलेला बोंड खाली. खोबणीच्या तळाला बोंडापुरतं भोक दिलं की दोन्ही नीट बसतात. म्हणजे डबा उघडून नुसता अंगठा फिरवला तरी कळेल किती उरले. अंधारातही. मात्र त्यासाठी रोल डबीशिवाय ठेवावे लागतील.

दशांश दोन

हे आवडलं. एकदम आवडलं. माझ्या दोन डब्यांपेक्षा बरं आहे, कारण इथे खूण डब्यावर नाही, रोलवरच आहे. तळाचं भोक आरपार करू नकोस, आंधळं ठेव, नाहीतर खालून पाणी आणि माती येईल.

रोलवाली

ठीक आहे, माघार. पण मग आतून घासायचं म्हणजे घासायचं. आणि तळाच्या त्या भोकांत केस सर्वात जास्त अडकतात, तिथे कापूसकाडी घाल.

परदेशी वारकरी

मी लंडनहून दर दोन-तीन वर्षांनी वारीला येते, फिल्मच काढते. तुमचा प्रवास चालत आहे, माझा आधी विमानातून, म्हणून वेगळं सांगते, कोणाला तरी उपयोगी पडेल.

प्लॅस्टिकचा डबा एक्स-रे अडवत नाही. अजिबात नाही. सामानात खाली टाकायचे तर रोल कधीच नाहीत, तिथली यंत्रं फार ताकदीची. हातातल्या सामानाची जुनी यंत्रं १००-४००च्या फिल्मला एखाद-दोन वेळा फारसं काही करत नसत. आता मोठ्या विमानतळांवर सीटी यंत्रं आली आहेत, हिथ्रोवरही. त्यांतून कुठल्याही आयएसओची (म्हणजे वेगाची) फिल्म घालू नका असं कोडॅकच सांगतं. हाताने तपासा म्हणून विनंती करायची, नम्रपणे, आणि वेळ हाताशी ठेवून.

आणि इथेच तुमच्या डब्याची गंमत आहे. काळा, बंद, आट्यांचं झाकण असलेला नळा सुरक्षा अधिकाऱ्याच्या हातात द्या आणि त्याचा चेहरा बघा! मी एकदा दिला होता. पुढची वीस मिनिटं मी फिल्म म्हणजे काय हे एका तरुण मुलाला समजावत होते. त्याने कधी रोल बघितलाच नव्हता. आता विमानतळावर सगळे रोल पारदर्शक झिपच्या पिशवीत, डबा रिकामा वेगळा. आत गेल्यावर पुन्हा भरते. शिशाच्या पिशवीच्या नादी लागू नका. पडद्यावर काळा डाग दिसला की ते बाजूला काढतातच.

कोकणस्थ दमट

पाण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. मी रत्नागिरीला असतो, इथे चार महिने भिंतींनाही घाम येतो.

थरांनी छापलेला डबा पाणी रोखत नाही, कोणी कितीही सांगो. थरांमधल्या फटीतून हळूहळू झिरपतं. ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, घालणार असाल (पंप दुरुस्तीवाल्याकडे हव्या त्या मापाची मिळते) तर ती नळीच्या बाहेरच्या गोल अंगावर घालू नका. तिथे थरांच्या खाचा असतात आणि प्रिंटरची उभी शिवण तर हमखास असते, पाणी तिथूनच वाट काढतं. ती झाकणाच्या सपाट आतल्या तळावर बसवा, म्हणजे झाकण घट्ट केलं की वरून दाबली जाईल. तरी पण आत एक पातळ पिशवी हवीच.

सिलिका जेलची पुडी टाकणार असाल तर ऐका. दर अर्ध्या तासाला पावसात डबा उघडला की प्रत्येक वेळी ओली हवा आत. चार ग्रॅमची पुडी दुपारपर्यंत भरून जाते आणि मग नुसती सोबत करते. सकाळी कोरड्या खोलीत डबा भरा, पुडी ताजी घाला, आणि दिवसभर लागतील तेवढेच तीन रोल खिशात वेगळे काढा. मोठा डबा संध्याकाळपर्यंत उघडायचाच नाही. रोल फ्रिजमध्ये असतील तर आदल्या रात्रीच बाहेर काढा आणि गार रोलचं पाकीट फोडू नका, नाहीतर पाणी बाहेरून यायची गरजच नाही, आतच धरेल.

अर्धा स्टॉप

पहिला हप्ता सादर.

मित्राचं मशीन नेमकं बिघडलं म्हणून एका छपाईवाल्याकडे ग्रॅमवर पैसे देऊन छापून घेतला. चार भिंती सांगितल्या, त्याने दोन दिल्या. डबा हातात घेतला तर दाबल्यावर करकरतो. आटे बसले, पण झाकणावरचा अडकवायचा कान पहिल्याच दिवशी तुटला, कारण उभा छापला होता. दशांश दोन, तुमचं लाकडाचं वाक्य आठवलं. मशीन दुरुस्त झाल्यावर परत स्वतः छापला. आट्यांची रिंग आधी, मग डबा. तीन रिंगा वाया गेल्या. व्यासात ०.५ला जमलं.

उजेडाची परीक्षा अशी केली. पांढरं झाकण, काळा डबा. संध्याकाळी संडासात दिवा बंद करून डब्याच्या आत छोटी टॉर्च लावून ठेवली. काळ्या भिंतीतून काही नाही. पांढरं झाकण मात्र आकाशकंदील. पण डोळ्याला दिसतं तेवढंच खरं असं कशाला धरा, म्हणून एका जुन्या कोऱ्या रोलमधली आतली फिल्म ओढून तीन तुकडे केले (हे सगळं अंधारात, पिशवीत हात घालून), एक पूर्ण फॉइलमध्ये, दोन अर्धेच फॉइलमध्ये. पूर्ण झाकलेला आणि एक अर्धा झाकलेला काळ्या झाकणाच्या डब्यात, तिसरा पांढऱ्या झाकणाखाली, असे गच्चीवर एक तास ठेवले. धुतले. काळ्या झाकणाखालच्या दोन्हींच्या रंगात काही फरक नाही. पांढऱ्या झाकणाखाली ठेवलेल्या तुकड्याचा उघडा भाग काळा ठिक्कर.

तर डबा काळाच. उन्हासाठी आईने मांजरपाटाची पांढरी पिशवी शिवून दिली, आत एक पातळ फोमचं अस्तर. पंधरा मिनिटांचं काम. मी तीन रात्री पांढरा बाहेर आणि काळा आत अशा दुहेरी भिंतीचं डिझाइन करत बसलो होतो.

आप्पा स्टुडिओवाले

आईला नमस्कार सांग.

दशांश दोन

ही पिशवीची आयडिया टूलरूमच्या माणसाला सुचली नसती, कबूल. १२०चं काय केलंस?

अर्धा स्टॉप

१२०साठी दोन नळे, प्रत्येकी तीन रोल एकावर एक. एक गुळगुळीत, कोऱ्यांसाठी. दुसऱ्याला बाहेरून उभ्या धारा, वापरलेल्यांसाठी. हाताला कळतं. आत रोल खडखडू नयेत म्हणून झाकणात टीपीयूची (रबरासारखं प्लॅस्टिक) मऊ चकती.

तिरकस

मी दोन आठवडे हा धागा वाचतोय. काल माळ्यावरून वडिलांचा कॅमेरा काढला. १२०चा आहे. रोल कुठे मिळेल?

रोलवाली

हाहाहा! व्यनि (खासगी निरोप) केलाय.

अर्धा स्टॉप

एकादशी झाली, घरी आलो, पाय अजून माझे वाटत नाहीत. वचन दिलं होतं म्हणून लिहितो.

फलटणपर्यंत पोचलो. ३५चे अकरा रोल काढले, गफलत एकही नाही. बोंडाची युक्ती पहिल्याच दिवशी हाताला बसली. दिवे घाटात इतकी गर्दी होती की डबा काढून बघायलाही जागा नव्हती. पिशवीत हात घालून अंगठा फिरवला, तीन बोंडं लागली, म्हणजे तीन कोरे. सासवडला पोचेपर्यंत तेवढे पुरवले.

कोकणस्थ दमट, तुमचं सगळं खरं निघालं. वाल्ह्याच्या आधी जो पाऊस लागला त्यात वरची पिशवी चिंब, डब्याच्या आट्यांत पाणी, आत मात्र कोरडं. सपाट तळावरच्या ओ-रिंगने काम केलं. सिलिकाची पुडी तिसऱ्या दिवशी मुक्कामावर एका काकूंच्या तव्यावर मंद आचेवर परतून घेतली. म्हणजे दाणे, पुडी नव्हे. काकूंना वाटलं साबुदाणा आहे.

फसलं ते १२०चं. तीन रोल एकावर एक म्हणजे खालचा हवा असेल तर वरचे दोन काढा. तरडगावच्या अलीकडे, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागलं होतं, अश्व यायला दोन मिनिटं, माझा रोल बाराव्या फ्रेमवर संपलेला. वापरलेला रोल दातात, चिकटपट्टी ओली झाली ती तशीच, एका हातात याशिका, नळा गुडघ्यात धरून त्याचं तोंड मोकळं करतोय. नवा रोल काढला, भरला, पहिल्या फ्रेमचा बाण जुळवून पाठ बंद केली, मान वर केली तर अश्व पार पुढे निघून गेला होता. मागे उडालेली धूळ आणि ती टाचेखालची माती कपाळाला लावणारी माणसं, तेवढी मिळाली. खरं तर ती फ्रेम बरी आहे. पण पुढच्या वेळी १२०ला नळा नको, शेजारी-शेजारी तीन खोबणींचा चपटा डबा, वरून सरकतं झाकण.

आणि नीरेच्या काठी गुळगुळीत नळ्याचं झाकण ओल्या हातातून निसटलं. घरंगळत पाण्यात. पुढचे दोन मुक्काम त्या नळ्याच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड. रोल वाचले, कारण पाकिटं फोडली नव्हती.

लोणंदला एक आजी शेजारी बसल्या होत्या. मी डबा उघडून रोल उलटसुलट करत होतो. म्हणाल्या, "मिश्री हाय का रं त्यात?" मी म्हटलं, फोटो आहेत. त्यांनी आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "कुठं हाईत?" काय सांगणार.

परदेशी वारकरी

आजींसाठी एक प्रिंट काढून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच दिंडीत असतील. फाइल टाकणार का इथे?

अर्धा स्टॉप

त्यांचा फोटो काढलाय, दिंडीचा नंबर लिहून घेतलाय.

३५च्या डब्याची फाइल आज रात्री प्रिंटेबल्सवर चढवतो, दुवा इथे देईन. कोणीही बदला, फुकट वाटा. बोंडाच्या भोकाचं माप वेगळं ठेवलंय, तुमच्या रोलप्रमाणे बदलता येईल. १२०चा चपटा डबा अजून कागदावर आहे. फक्त चढवायच्या आधी झाकणाला दोरी ओवायचं भोक पाडतो, ते राहिलंय.